वर गेलेला मिठू खाली का येत नाही?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर वर्षातून दोन-तीनदा एकच निरोप येतो. ‘बी विंगमधला कॉकाटील उडालाय. कुणाच्या गॅलरीत आला तर कळवा.’ खाली फोटो असतो. डोक्यावर पिवळा तुरा, गालावर नारिंगी टिकली, कुणाच्या तरी खांद्यावर ऐटीत बसलेला. (दुकानदार त्याला ‘कॉकटेल’ म्हणतात. ‘माझं कॉकटेल हरवलंय’ अशी तक्रार घेऊन चौकीत गेलेल्या माणसाचं काय होत असेल, याचं मला फार कुतूहल आहे.)

गेल्या हिवाळ्यात असाच निरोप आला तेव्हा मी खाली गेलो. पक्षी खरं तर हरवलेला नव्हताच. फाटकाजवळच्या रेन ट्रीच्या शेंड्यावर, चौथ्या मजल्याच्या उंचीला, तो सगळ्यांना दिसत होता. बुंध्याशी उभ्या राहून आजी राळ्याची वाटी वाजवत होत्या. नातू फोनवर त्याचीच शीळ लावत होता आणि वरून अधूनमधून उलट शीळ येत होती. म्हणजे ऐकू येत होतं, ओळख पटत होती, भूकही लागलेली असणार. तरी तीन तास तो जागचा हलला नाही. संध्याकाळी कावळ्यांची शाळा भरली, तो उठला, दोन इमारतींच्या मधल्या फटीतून गेला आणि पुन्हा कुणाला दिसला नाही.

“चार वर्षं पोटच्या पोरासारखा सांभाळला,” आजोबा म्हणाले, “शेवटी पोपटाची जात!”

आजोबांचा राग समजण्यासारखा होता, पण निदान चुकलं होतं. खाली यायचं नाही, असं त्या पक्ष्यानं ठरवलं नव्हतं. त्याला खाली येता येत नव्हतं.

आधी उडायचं, मग बघायचं

पोपटकुळातले सगळे पक्षी, मग तो तीस-चाळीस ग्रॅमचा बजी असो की किलोभराचा मकाव, कुणाचं ना कुणाचं भक्ष्य असतात. डोक्यावरून सावली सरकली तर ती घारीची की वाऱ्यानं उडालेल्या पिशवीची, याची खातरजमा करत बसणारा पोपट रानात फार दिवस टिकत नाही. म्हणून त्याच्या शरीराची रचनाच अशी आहे की दचकलं की पंख आधी हलतात. तापलेल्या तव्याला बोट लागलं की आपला हात आधी मागे येतो, ‘भाजलं’ हे मागाहून कळतं. तसंच.

घरातही तो असाच दचकतो. कुकरची शिट्टी, नवा पडदा, पाहुण्यांची टोपी, काहीही पुरतं. पण घरात दहा फुटांवर भिंत असते. तो एक गिरकी मारतो, कपाटावर बसतो, भीती ओसरली की खांद्यावर परत येतो. मालकाच्या मनात मात्र हिशेब वेगळाच होतो. ‘आमचा मिठू कुठे जात नाही, उडाला तरी माझ्याकडेच येतो.’ त्या परतण्याचं अर्धं श्रेय भिंतीचं असतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आता हाच पक्षी खांद्यावर घेऊन गच्चीवर जा. खालच्या रस्त्यावर कुणी फटाका लावला. समजा तो ताशी ४० किलोमीटर वेगानं उडाला, तर पंधरा सेकंदांत तो दीडशे मीटरपेक्षा जास्त दूर गेलेला असेल. शहरात दीडशे मीटर म्हणजे दोन गल्ल्या आणि एक नाका. वारा पाठीमागून असेल तर आणखी पुढे. भीती उतरून त्याला ‘आपला माणूस कुठे?’ असं वाटेपर्यंत तो माणूस दिसेनासा झालेला असतो.

चढणं आणि उतरणं

दचकलेला पोपट वरच जातो, कारण रानात उंची म्हणजे सुरक्षितता. वर जायला लागतो तो जोर. पंख खाली हाणायचं काम छातीचे स्नायू करतात. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये हे स्नायू शरीराच्या वजनाच्या साधारण सहाव्या ते चौथ्या हिश्शाइतके भरतात. रानातला पोपट ते रोज काही किलोमीटर वापरतो. पिंजऱ्यातला पोपट सूर्यफुलाच्या बिया खाऊन दांडीवर बसतो. त्यानं अंगावर घेतलेली चरबी आणि कधी यकृतात साठलेली चरबी आपल्याला पिसांखाली दिसत नाही. वर्षभर खुर्चीत बसलेल्या माणसाला कुत्रं मागे लागलं तर तो सिंहगडाच्या पहिल्या टप्प्यापर्यंत धावेलही. तिथे पोचल्यावर त्याचं जे होतं, तेच शेंड्यावर बसलेल्या कॉकाटीलचं झालेलं असतं. चोच उघडी, पंख अंगापासून सुटलेले, धाप लागलेली.

दम काही मिनिटांत परत येतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते, आणि गड चढून उतरलेल्या कुणालाही ती पटेल. चढताना छाती भरून येते, पण उतरताना पाय लटपटतात. उतरणं हे ताकदीचं काम नाही, ते कसबाचं काम आहे.

पक्ष्याच्या बाबतीत हे कसब असं. उंचीवर बसलेल्या पक्ष्यापाशी त्या उंचीची ऊर्जा साठलेली असते. तो सरळ खाली झेपावला तर ती सगळी वेगात बदलते. जमिनीपाशी पोचताना वेग इतका वाढलेला असतो की उतरणं म्हणजे आपटणं. घाटातून उतरणाऱ्या ट्रकसारखं आहे हे. गाडी चालवता येणं वेगळं आणि खालच्या गिअरवर, ब्रेक जपत खंबाटकी उतरणं वेगळं. अनुभवी पक्षी ही जादा ऊर्जा वेगवेगळ्या युक्त्यांनी उधळतो. मोठ्या गिरक्या घेत घेत खाली येतो, शेपटी पसरून आणि पंख वर धरून छत्रीसारखा हवेला अडतो, किंवा अंग एका बाजूला कलंडवून मुद्दाम हवा निसटू देतो.

या युक्त्या जन्मजात पूर्ण येत नाहीत. कंठवाल्या पोपटाचं पिल्लू सहा-सात आठवड्यांचं झालं की ढोलीतून बाहेर पडतं आणि मग आई-बापांच्या मागे मागे उडत फांद्या चुकवतं, धडपडतं, चुकीच्या वेगानं येऊन पानांत घुसतं. या धडपडीतच ब्रेक शिकले जातात. हातानं भरवून वाढवलेल्या, दुकानात ‘हँडफेड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पिल्लाचा हा काळ डब्यात आणि पिंजऱ्यात जातो. कित्येकदा पहिल्या उड्डाणाआधीच त्याची पिसं कापलेली असतात. मोठेपणी त्याला येतं ते फक्त कपाटावरून पडद्याच्या दांडीवर, म्हणजे जवळजवळ आडवं उडणं. सहा फुटांपेक्षा जास्त उंचीवरून तो कधी उतरलेलाच नसतो. अशा पक्ष्याला पन्नास फुटांवर नेऊन ठेवा आणि वाटी बुंध्याशी वाजवा. ज्या रेषेत यायला आजी त्याला सांगत होत्या, ती त्याच्यासाठी सगळ्यांत अवघड रेषा होती.

मांजर झाडावर चढतं आणि रात्रभर वर ओरडत बसतं, तेव्हा आपण त्याला कृतघ्न म्हणत नाही. अग्निशमन दलाला फोन करतो.

घर बाहेरून कसं दिसतं?

समजा तो उतरलाच. आता त्याला घर गाठायचंय. इथे लोक हमखास कबुतराचं उदाहरण देतात. कबुतर शेकडो किलोमीटरांवरून परत येतं, मग पोपट दोन गल्ल्यांवरून का येणार नाही?

कबुतराला माणसानं हजारो वर्षं याच एका गुणासाठी निवडलं. जे परतलं त्याची पैदास वाढवली, जे परतलं नाही ते आपोआप गळालं. शिवाय शर्यतीचं कबुतरही पहिल्याच दिवशी लांब सोडत नाहीत. आधी ते छपरावरच्या खुराड्यातून आजूबाजूचा परिसर पाहतं, घरावर घिरट्या घालतं, मग हळूहळू अंतर वाढवतात. सूर्याची दिशा, पृथ्वीचं चुंबकत्व, वाऱ्यावरून येणारे वास, ओळखीच्या खुणा, असा सगळा नकाशा त्याच्या डोक्यात बसतो.

पोपटाची अशी पैदास कधी झाली नाही. रानातला पोपटही झोपायच्या झाडापासून चरायच्या जागेपर्यंतची वाट थव्याबरोबर उडूनच शिकतो. आणि घरातल्या पोपटाचं तर आणखी वेगळं आहे. त्यानं आपलं घर बाहेरून कधी पाहिलेलंच नाही. त्याच्या लेखी घर म्हणजे टीव्ही, सोफा, फ्रिजवरची जागा आणि माणसांचे आवाज. तुम्हाला डोळे बांधून एखाद्या फ्लॅटमध्ये नेलं, चार वर्षं आतच ठेवलं आणि एका दुपारी शहरात कुठेतरी सोडून सांगितलं की ‘जा घरी’, तर? सगळ्या इमारती सारख्या, सगळ्या खिडक्यांना त्याच जाळ्या. बाहेरून दिसणाऱ्या त्या शंभर खिडक्यांतली एक आपली, हे कशावरून ओळखायचं?

कोण कोण बघत असतं

शिक्रा हा आपल्या गावाशहरांतला नेहमीचा शिकारी पक्षी. कबुतराएवढाच असतो, पण पानांत दडून बसतो आणि अंगावर येईपर्यंत कळत नाही. उंच इमारती असलेल्या शहरांत बहिरी ससाणा कड्याऐवजी गच्चीच्या कठड्यावर बसतो. त्याची झेप ताशी ३०० किलोमीटरच्या वर जाते. घारी आहेत, रात्री गव्हाणी घुबड आहे, खाली मांजरं आहेत. आणि कावळे. कावळा दरवेळी मारायलाच येतो असं नाही, पण अनोळखी पक्षी दिसला की तो गोतावळा गोळा करतो आणि टोचून टोचून हुसकावतो. त्या हुसकावण्यातच थकलेला पाळीव पक्षी शेवटचा जोर संपवतो.

रानातला पोपट यातून कसा वाचतो? एकट्यानं नाही. पन्नासांचा थवा चरत असला की शंभर डोळे पहाऱ्यावर असतात. एकानं कर्कश आवाज दिला की सगळे उठतात आणि एकाच्या मागे लागलेला ससाणा क्षणभर गोंधळतो. कोणता आवाज कुणासाठी, कुठल्या सावलीला घाबरायचं आणि कुठल्या नाही, हे पिल्लू मोठ्यांकडून शिकतं. पाळलेला पक्षी एकटा असतो आणि त्यात अनेकदा रंगानं वेगळा. ऑस्ट्रेलियात बजी हिरवा असतो आणि हजारोंच्या थव्यात मिसळून जातो. आपण पिंजऱ्यात निळे, पांढरे, पिवळे जोपासले. (त्यांनाच आपल्याकडे सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, जात वेगळी.) शिकारी डोळा घोळक्यातून वेगळ्या दिसणाऱ्याला आधी टिपतो. पिवळाधमक पक्षी हिरव्या झाडावर म्हणजे भर सभेत उभं राहण्यासारखं आहे.

एक विचित्र गोष्ट यातूनच घडते. घरी अखंड बडबड करणारा पोपट बाहेर गेला की बरेचदा गप्प होतो. भीती वाटली की स्तब्ध राहून पानांत लपणं ही त्याची जुनी सवय. त्यामुळे हिरवा पोपट डोक्यावरच्या फांदीत बसलेला असतो आणि घरचे लोक हाका मारत पुढच्या चौकात जातात.

बाकीचे धोके थोडक्यात सांगतो. संक्रांतीच्या आसपास झाडांच्या शेंड्यांना अडकलेला नायलॉन मांजा. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी जानेवारीत तो झाडाझाडांवर लोंबतोच. आकाशाचं प्रतिबिंब दाखवणाऱ्या काचेच्या भिंती. वैशाखातलं ऊन, जे पंख्याखाली वाढलेल्या पक्ष्याला झेपत नाही, कारण पक्ष्यांना घाम येत नाही आणि धापा टाकूनच अंग थंड करावं लागतं. आणि भूक. त्याच्या लेखी अन्न म्हणजे स्टीलची वाटी. समोर पिकलेल्या उंबरांनी लगडलेली फांदी असली तरी ते खायचं असतं हे त्याला माहीत नसतं. लहान पक्षी एक-दोन दिवसांच्या उपासानंच ढासळतो.

अ‍ॅरिझोनातला धडा

हे सगळं नुसतं तर्कानं सांगितलेलं नाही. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात जाड चोचीचे पोपट विसाव्या शतकात दिसेनासे झाले होते. मेक्सिकोत ते उरले होते. १९८६ ते १९९३ या काळात अ‍ॅरिझोनाच्या चिरिकाहुआ डोंगरांत असे ८८ पोपट सोडले गेले. काही पक्षी तस्करांकडून जप्त केलेले, म्हणजे मूळचे रानातले होते. काही पिंजऱ्यात जन्मलेले होते. मूळचे रानातले पक्षी थवा करून उडाले आणि त्यांना पाइनच्या बोंडांतल्या बिया काढून खाता आल्या. पिंजऱ्यात वाढलेल्यांना थव्यात राहणं जमेना, खाणं शोधणं जमेना. शिक्र्याच्या नात्यातल्या गॉसहॉकसारख्या शिकारी पक्ष्यांनी मोठी किंमत वसूल केली. शेवटी हा प्रयोग थांबवावा लागला. लक्षात घ्या, हे काम पक्षीतज्ज्ञांनी, त्या पक्ष्याच्याच मूळ प्रदेशात, तयारी करून केलेलं होतं.

ब्राझीलमधली गोष्ट आणखी चटका लावणारी आहे. निळ्या स्पिक्स मकावचा बाइया राज्यात रानात एकच नर उरला होता. १९९५ मध्ये त्याच्यासाठी बराच काळ पिंजऱ्यात राहिलेली एक मादी तिथे सोडली. काही आठवड्यांत ती दिसेनाशी झाली. विजेच्या तारेला धडकून ती मेली होती, हे पुढे कळलं. तो नरही २००० नंतर दिसला नाही. २०२२ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला तेव्हा आठ स्पिक्स मकावांबरोबर दुसऱ्या जातीचे, रान ओळखणारे आठ इलिगर्स मकाव सोडले. उडण्याची, खाण्याची आणि घाबरण्याची शिकवणी द्यायला.

मग लंडनचे पोपट?

इथे कुणीतरी हात वर करणारच. लंडनच्या बागांत आपले कंठवाले पोपट हजारोंनी आहेत. ते पिंजऱ्यातूनच सुटले ना? मग ते कसे जगले?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मजेदार आहे. हे पोपट ब्रिटनमध्ये १९६९ पासून मोकळ्यावर वीण करताना दिसतात. ते आले कुठून याच्या दंतकथा आहेत. एक म्हणते गिटारवादक जिमी हेंड्रिक्सनं सोडले, दुसरी म्हणते ‘द आफ्रिकन क्वीन’ या १९५१ च्या सिनेमाच्या सेटवरून सुटले. २०१९ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी यासाठी गुन्हे अन्वेषणातली पद्धत वापरली. गुन्हे जिथे जिथे घडले त्या जागांवरून पोलीस गुन्हेगाराच्या घराचा अंदाज बांधतात, तशी त्यांनी पोपटांच्या नोंदींवरून उगमाची जागा शोधली. दोन्ही दंतकथांना आधार मिळाला नाही. अनेक ठिकाणी, अनेक वर्षं, थोडेथोडे पक्षी सुटत गेले, असंच चित्र निघालं.

म्हणजे जे दिसतात ते वाचलेले. सुटून मेलेल्यांची गणती कुणी ठेवलेली नाही. दुसरं म्हणजे, त्या काळी निर्यात होणारे बरेचसे पोपट रानातून पकडलेले होते. २०१५ मधल्या जनुकीय अभ्यासानुसार युरोपातल्या या पोपटांचे पूर्वज प्रामुख्यानं आशियातले, पाकिस्तान आणि उत्तर भारताच्या बाजूचे आहेत. थंडीचा अनुभव असलेले, थव्यात वाढलेले, ब्रेक शिकलेले. त्यांना लंडनमध्ये फक्त पत्ता बदलायचा होता.

आणि ते जगले हेही सगळ्यांसाठी चांगलं झालेलं नाही. स्पेनमधल्या सेव्हिल शहरातल्या एका बागेत याच पोपटांनी झाडांच्या ढोल्यांसाठी तिथल्या मोठ्या वटवाघळांवर हल्ले करून त्यांना मारलं आणि त्यांची संख्या घटवली. तेव्हा परदेशी पक्षी सुटणं यात दोन्ही बाजूंनी धोका आहे. बहुधा तो मरतो. चुकून जगला, वाढला, तर ढोलीतले मूळ रहिवासी बेघर होतात.

रीलमधले मकाव

मोकळ्या माळावर निळे-पिवळे मकाव उडतात, मालक हात वर करतो, पक्षी वाऱ्यातून येऊन मनगटावर बसतो. असे व्हिडिओ थायलंड, इंडोनेशिया, अमेरिका अशा अनेक ठिकाणांहून येतात आणि ते खोटे नसतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात अशा तीन थव्यांचा, एकूण ३७ पक्ष्यांचा हिशेब आहे. सगळ्यांचं मिळून ५०० महिन्यांहून अधिक मोकळं उड्डाण झालं आणि शिकाऱ्यामुळे किंवा वाट चुकल्यामुळे एकही पक्षी गमावला नाही.

हा आकडा वाचून गॅलरीचं दार उघडण्याआधी ते पक्षी कसे तयार झाले ते पाहावं. त्यांना पिल्लं असतानाच आणलं. ते पंख न कापता, भरपूर वाव देऊन वाढवले. उडायच्या वयातच, थवा करून, आधी सोप्या आणि मग पायरीपायरीनं अवघड होत जाणाऱ्या रानात नेले. म्हणजे जे रानात आई-बाप करतात, ते माणसानं पूर्णवेळ केलं. या निबंधातून माझ्या मते निघतं ते एवढंच की शाळा चांगली असेल तर पोपट शिकतो. पाच वर्षं दिवाणखान्यात राहिलेल्या पक्ष्याला रविवारी टेकडीवर नेणं म्हणजे शाळेचं तोंड न पाहिलेल्याला थेट दहावीच्या पेपरला बसवणं. आणि रीलला लंडनचाच नियम लागू आहे. जो परतला नाही त्याचा व्हिडिओ कुणी टाकत नाही.

‘जीपीएस लावू’ हा नवा उपाय कानावर येतो. पक्ष्यावर लादायचं वजन त्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांच्या आत असावं, असा साधारण संकेत आहे. कॉकाटील ९० ग्रॅमचा धरला तर जास्तीत जास्त चारेक ग्रॅम. आणि यंत्रानं जागा कळली तरी पक्षी शेंड्यावरच असणार.

| चौकट: कायद्याच्या बाजूनं |
|---|
| कंठवाला पोपट, करण पोपट, तुईया असे सगळे देशी पोपट पकडणं, विकणं आणि पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. भारतीय पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून पूर्ण बंदी आहे. |
| आफ्रिकन ग्रे, मकाव यांसारख्या, ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या परदेशी पक्ष्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते. बजी आणि कॉकाटील त्या यादीत नाहीत. |
| घरात देशी पोपट असेल तर ‘पुण्य लागेल’ म्हणून तो स्वतः सोडू नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. रानात परत जाण्याआधी त्याला उडायला, खायला आणि थव्यात राहायला शिकावं लागतं. |

पंख कापले म्हणजे झालं?

पिसं कापणं म्हणजे नखं कापण्यासारखं. पीस मेलेल्या पेशींचं असतं, दुखत नाही आणि कापलेलं पीस लगेच वाढतही नाही. पण पुढच्या वेळी पिसं झडली की नवी पूर्ण लांबीची येतात. एकदम नाही, दोन-दोन, तीन-तीन करत, आणि घरच्यांच्या नजरेत न येता. ‘त्याला उडता येत नाही’ ही घरातली समजूत तशीच राहते आणि एके दिवशी गॅलरीत वाऱ्याचा झोत येतो. अर्धवट पिसांचा पक्षी तर सगळ्यांत वाईट अवस्थेत सापडतो. उचलला जाण्याइतकं बळ असतं, पण दिशा धरण्याइतकं नसतं.

माझं मत विचाराल तर पिसं राहू द्यावीत आणि दारांना जाळी लावावी. घरात उडू द्यायचं असेल तेव्हा छताचा पंखा बंद करावा, त्यानं गेलेले पक्षी मोजायला बसलो तर लेख पुरणार नाही. बाहेरचं ऊन हवं असेल तर पिंजऱ्यासकट न्यावं. पायाला साखळी बांधून मात्र कधी नेऊ नये. दचकून झेपावला की सगळा झटका त्या काडीएवढ्या हाडावर येतो.

वाटी कुठे ठेवायची

आणि उडालाच तर? उतरण्याचं गणित एकदा कळलं की काय करायचं ते बरंचसं आपोआप सुचतं.

पहिलं म्हणजे नजर सोडायची नाही. एकानं फक्त पक्ष्याकडे बघत राहायचं, बाकीच्यांनी धावपळ करायची. झाडावर कुणाला चढवायचं नाही, दगड मारायचे नाहीत, पाण्याचा पाइप धरायचा नाही. प्रत्येक दचकण्यात तो आणखी दीडशे मीटर जातो. बुंध्याशी उभं राहायचं नाही. शक्य तेवढं लांब जायचं, म्हणजे त्याच्यापासून तुमच्यापर्यंतची रेषा आडवी होत जाते. त्याहून बरं म्हणजे समोरच्या इमारतीचा दुसरा-तिसरा मजला किंवा गच्ची गाठायची. कपाटावरून पडद्याच्या दांडीवर यायला त्याला येतंच, तेवढाच उतार त्याला द्यायचा. जोडीचा पक्षी असेल तर त्याला पिंजऱ्यात घालून तिथे ठेवायचं. त्याच्या हाकेपुढे आपल्या शिळेची काय मातब्बरी!

अंधार पडला की तो हलत नाही. तेव्हा झाड नक्की करून घरी जायचं आणि उजाडायच्या आधी परत यायचं, कारण पहिल्या उजेडात, भुकेल्या पोटी तो सगळ्यांत जास्त ऐकायच्या मनःस्थितीत असतो आणि कावळेही नुकतेच उठत असतात.

या मार्चमध्ये सी विंगचा कॉकाटील त्याच रेन ट्रीवर जाऊन बसला. या वेळी आजी स्वतः पुढे झाल्या. त्यांनी वाटी हातात घेऊ दिली नाही. समोरच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना उठवून त्यांच्या गच्चीत पिंजरा ठेवला, दार उघडं, आत राळे, आणि सगळ्यांना आत पिटाळलं. पावणेसातला पक्षी निघाला, तिरक्या रेषेत आला, कठड्याला पोट घासत कसाबसा उतरला आणि पिंजऱ्याच्या वर जाऊन बसला. आत जायला त्याला आणखी वीस मिनिटं लागली. तोवर काकूंच्या स्वयंपाकघरात आम्ही आठ जण, दुधाचं पातेलं गॅसवरून उतरवताना आवाज होईल म्हणून, न चहा घेता उभे होतो.